पान दोनशे सत्तेचाळीस

चिंतामणरावांचा अंगठा पानावरून सरकला आणि कुठेच अडला नाही. एवढेच झाले. टेबलापाशी उभ्या असलेल्या कुणाला कळलेसुद्धा नाही. पण चिंतामणराव खुर्चीत मागे टेकले. नागपूरच्या छापखान्यातून बुलडाण्याच्या कचेरीत आरोग्य खात्याच्या नियमपुस्तिकेची नवी आवृत्ती सकाळीच आली होती. तीन खंड, तांबड्या कापडाची बांधणी, उघडताना पाठीचा कणा कडकडणारे. साहेबांनी सांगितले होते, जुन्या प्रतीशी पान न् पान ताडून बघा. ताडून बघायला माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो. चिंतामणरावांनी दुसरा खंड घेतला आणि मधूनच उघडला. जुन्यात दोनशे सत्तेचाळीसाव्या पानावर होता तो नियम नव्यात अलीकडे सरकला होता, कारण टाईप बारीक झाला होता. प्रशिक्षणास घ्यावयाच्या स्त्री उमेदवारांचे वय. पंचवीस वर्षांहून अधिक नसावे. मात्र विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या बाबतीत ही मर्यादा पस्तीस वर्षे राहील. एका दमात वाचून होत होते. जणू हे वाक्य जन्मापासूनच असे होते, मधे कधी कुणाचे काही राहिलेच नव्हते, आणि कुणाला कधी कुणी परत पाठवलेच नव्हते. जुन्या पानावर इथे एक चिकटवलेली चिठ्ठी होती. जराशी तिरकी, खाली खळीची गुठळी राहिलेली. अकरा वर्षे चिंतामणरावांचा अंगठा त्या गुठळीला अडत आला होता. आता अडायला जागाच उरली नव्हती, आणि माणसाला बरे वाटायला हवे तिथे त्यांना भीती वाटली.

ज्याने हे काम केलेले नाही त्याला वाटेल, पुस्तक एकदा छापले की झाले. पुस्तक म्हणजे काय पोथी आहे, की लिहिणारा गेला आणि शब्द स्थिर झाले? सरकारी पुस्तक जिवंत असते, आणि जिवंत असल्यामुळे त्याला रोज काही ना काही दुखते. साठ साली राज्य नवे झाले. वऱ्हाडाने नागपूरकडची मान त्याआधीच मुंबईकडे वळवली होती. जुने कायदे एका मुलखाचे, नवे दुसऱ्या मुलखाचे, त्यात दोन वर्षांनी जिल्हा परिषदा आल्या. नियमपुस्तिकेची मराठी आवृत्ती घाईघाईने छापली, आणि बांधणीची सरस वाळायच्या आत तिच्या दुरुस्त्या येऊ लागल्या. पातळ कागदावर छापलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे. अमुक पानावरील अमुक ओळीऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे. चिठ्ठी कापायची, बरोबर त्या ओळीवर बसवायची, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला चिकटवलेल्या तक्त्यात लिहायचे: चिठ्ठी क्रमांक, पान, चिकटवल्याची तारीख, सही. वरून तगादा असे, की आठ दिवसांत सगळ्या चिठ्ठ्या चिकटवल्याचे उलटटपाली कळवा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय, चिकटवायला बोटे लागतात हे त्यांना कोण सांगणार? बाकीच्या कचेऱ्यांत चिठ्ठ्या पुस्तकात नुसत्या खोचून ठेवत. वाऱ्याची झुळूक आली की नियम खिडकीबाहेर. चिंतामणरावांचे तसे नव्हते. ते खळ घरी करत. पत्नी चारुलताबाई चुलीवर मैदा शिजवून देत आणि ते स्वतः त्यात मोरचूद घालत, म्हणजे झुरळ तोंड लावत नाही. चारुलताबाई म्हणत, "आमच्याकडे पक्वान्न रोज शिजतं, खायला मात्र पुस्तकाला." चिठ्ठी बसवताना ते श्वास धरत. ओळीवर ओळ, समासाला समास. पुढे पुढे चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चढल्या, पुस्तक इतके फुगले की मिटेना. मग त्याला नाडी बांधली. येणारा प्रत्येक साहेब म्हणे, पुस्तक पाहायचे तर चिंतामणरावांचे पाहावे.

हे कौतुक आता छापूनही आले होते. नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, दुसऱ्या परिच्छेदात, छापखान्याला आधार म्हणून वापरलेल्या प्रतीचा उल्लेख होता. या जिल्ह्याच्या कचेरीची प्रत सर्वांत अद्ययावत आढळली, प्रत्येक दुरुस्तीच्या तारखेची नोंद त्यात चोख होती, असे. नाव नव्हते, पण नावाची गरज कुणाला होती? साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवले, पेढे मागवू म्हणाले, आणि एक कागद पुढे केला. जुने तीनही खंड सर्व दुरुस्त्यांसह तपासले, नोंदी बरोबर आढळल्या, खंड नष्ट करण्यास हरकत नाही. खाली सहीची जागा. पुढच्या वर्षी चिंतामणराव निवृत्त होणार. शेवटी शेवटी अशी एक सही म्हणजे सोन्याहून पिवळे. "करा सही," साहेब म्हणाले. चिंतामणरावांनी पेन उघडले, पुन्हा टोपण लावले. "शनिवार आहे साहेब," ते म्हणाले, "सोमवारी करतो. अजून ताडून व्हायचंय." साहेब हसले. म्हातारा अजून बदलला नाही, असे ते हसू होते. नोंदी बरोबर आढळल्या! चिंतामणरावांनी जुन्या दुसऱ्या खंडाची नाडी सोडली आणि तक्ता उघडला. चिठ्ठी क्रमांक एकेचाळीस, पान दोनशे सत्तेचाळीस, चिकटवली दिनांक अकरा जून एकोणीसशे त्रेसष्ट. खाली त्यांची सही, वळणदार, निर्लज्ज. अकरा जूनला ती चिठ्ठी चिकटवलेली नव्हती. हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होते, आणि त्याचेच कौतुक छापून आले होते.

त्या जूनमध्ये काय झाले, हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितले होते की आता ते दुसऱ्याचे वाटत असे. मोठा गठ्ठा आला, साठाच्या वर चिठ्ठ्या. खळीला बुरा आला होता आणि घरात मैदा नव्हता. टपाल निघायची वेळ झाली होती. सगळे जे करत ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केले: तक्ता आधी भरला, सह्या आधी केल्या, चिकटवल्याचे पत्र टपालात घातले, आणि ठरवले की उद्यापासून रोज दहा दहा चिकटवू. चिकटवल्याही. फक्त एकेचाळीस नंबरची टीपकागदाखाली सरकली, आणि सही झालेली असल्यामुळे तिला शोधायचे कारणच उरले नाही. सहीचा हाच तर गुण, की ती केली म्हणजे माणूस निश्चिंत होतो. पुढे जुलैमध्ये, पेरण्या आटपल्यावर, एक माळी आपल्या मुलीला घेऊन कचेरीत आला. कडूबा त्याचे नाव. मेहकरकडचा, डोक्याला पटका, हातात पटक्याच्याच रंगाची पिशवी. मुलगी पंचफुला. डोणगावला दिली होती, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. "सायेब, पोरगी सातवी पास हाये माही," कडूबा म्हणाला. "नर्सबाईच्या टरेनिंगले बाया घेऊन राह्यले म्हन्तेत. इले घेतीन का?" चार टेबलांवरून फिरवून त्यांना इथे पाठवले होते. चिंतामणरावांनी खुर्ची ओढून दिली. पंचफुला आधी बसेना, मग टोकावर बसली. वय किती, त्यांनी विचारले. बाप काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अठ्ठावीस." दुसरी कुणी असती तर चोवीस म्हणाली असती. चिंतामणरावांना तिचा आदर वाटला, आणि वाईटही वाटले, कारण पुस्तक त्यांना पाठ होते.

ते नुसते नाही म्हणू शकले असते. पण त्यांनी विचारले, नाही झाले तर काय करणार? हे विचारायला नको होते. पंचफुला बापाकडे न बघता म्हणाली, "घेतलं त पोरगी माह्यापाशी राहीन सायेब. पाच वर्साची हाये, चांगुणा. नाई घेतलं त हे माहा पाट लावून देतीन. आमच्यात पाटाच्या बाईसंगं आंधीचं लेकरू जात नाई. ते बापाच्या घरचं. थे राहीन तिच्या आज्यापाशी, अन् मी दुसऱ्या गावाले." कडूबा जमिनीकडे बघत होता. त्याचीही चूक नव्हती. त्याला अजून दोन मुली होत्या. तेव्हा चिंतामणरावांनी जे केले ते त्यांच्या मते दयेचे होते. त्यांनी खंड दुसरा काढला, नाडी सोडली, दोनशे सत्तेचाळीस पान उघडले आणि पुस्तक फिरवून तिच्याकडे केले. "तुम्हीच वाचा बाई. म्हणजे कुणी तोंडदेखलं सांगितलं असं वाटायला नको." तिने ओळीखाली बोट ठेवले. बोटाला चिरा होत्या, नखात माती. एकेक शब्द धरून तिने वाचले. उमेदवाराचे वय. प्रवेशाच्या दिवशी. पंचवीस वर्षांहून अधिक. असता कामा नये. मग तिने विचारले, "अधिक म्हंजे जास्तीच ना?" ते हो म्हणाले. बोट तिथेच राहिले थोडा वेळ. नंतर तिने ते उचलले, पदराला पुसले, आणि उठताना म्हणाली, "पुस्तकातच हाये त मंग तुमी तरी का करसान." दारातून तिने मागे वळून हात जोडले. चार टेबलांनी हुसकावले होते, या माणसाने खुर्ची दिली आणि पुस्तक दाखवले, म्हणून. आणि तिचे बोट जिथे टेकले होते तिथून वीतभर अंतरावर, टीपकागदाखाली, एकेचाळीस नंबरची चिठ्ठी होती.

ती सापडली आठ दिवसांनी, टीपकागद बदलताना. अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. इथपर्यंत जे झाले ती चूक होती, आणि चूक माणसाच्या हातून होते. चिंतामणरावांनी अकरा वर्षांत स्वतःला तेवढे माफ करून टाकले होते. पुढचे माफ होत नव्हते. पोस्टकार्ड दोन दिवसांत डोणगावला पोचते. त्यांनी कार्ड लिहिलेसुद्धा. पंचफुलाबाई यांस, नियमात बदल झाला असून आपण त्वरित अर्ज करावा. पत्ता लिहिला, मुक्काम डोणगाव, तालुका मेहकर. आणि मग हात थांबला. अर्ज आला म्हणजे कुणी विचारणार, बाई, तुम्हाला आधी नाही कुणी म्हटले, आणि आता हो कुणी म्हटले? ती सरळ बाई, वय न चोरणारी. ती कार्ड काढून दाखवणार. कार्डावर त्यांचे अक्षर. तक्त्यात अकरा जूनची सही. खोटी नोंद. त्यांच्या अख्ख्या नोकरीत एवढेच एक त्यांचे होते, पुस्तक चोख असणे. तेही गेले तर चिंतामण म्हणजे कोण? हरकत नाही, उद्या टाकू, असे म्हणून कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवले. उद्या म्हणजे काय असते हे त्यांना त्या दिवशी ठाऊक नव्हते असे नाही. चिठ्ठी मात्र त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, घाईघाईने चिकटवली. श्वास न धरता. तिरकी बसली, खाली गुठळी राहिली, आणि ती सरळ करायला त्यांचा हात पुन्हा धजला नाही. सदरा धुवायला पडला तेव्हा चारुलताबाईंच्या हाताला खिशातला लगदा लागला. "कुणाचं पत्र होतं हो?" त्यांनी विचारले. "कुणाचं नाही," चिंतामणराव म्हणाले.

दोन वर्षांनी कडूबा बाजारात भेटला होता. त्यानेच ओळखले. पाट लावून दिला, म्हणाला, साखरखेर्ड्याला; माणूस भाजीपाल्यातला आहे, वाईट नाही. पोर आज्याजवळ आहे. "चालते सायेब, जगाची रीत हाये." चिंतामणराव हो हो म्हणाले आणि हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. तेव्हाही सांगता आले असते. सांगायचे क्षण असे कितीतरी आले. ते येतात आणि माणूस त्यांना वाट करून देतो, जाऊ द्या म्हणतो. घरी सगळे ठीक होते. मुले शिकली, मोठी शैलजा मास्तरीण झाली, शेगावला दिली. दर वर्षी लेकीकडे गेले की ते गजानन महाराजांच्या रांगेत उभे राहत आणि पुढे पोचल्यावर काय मागायचे हे त्यांना आठवत नसे. महाराजांना काय सांगणार, की अमुक क्रमांकाच्या ओळीऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे? शैलजेला मुलगी झाली, ती पाच वर्षांची झाली, आणि एकदा आजोबांच्या मांडीवर बसून आईकडे जायला हटून बसली. आई स्वयंपाकघरात होती, दहा पावलांवर. चिंतामणराव उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पोरीला राग आला, आजोबांना आपण आवडत नाही असे तिला वाटले असेल. त्याचेही काही करता आले नाही.

आणि आता नवी आवृत्ती. सोमवारी सही झाली की जुने खंड रद्दीत जाणार, तक्ता जाणार, गुठळी जाणार, आणि खोटे इतके स्वच्छ होणार की त्याला कुणी खोटे म्हणू शकणार नाही. सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात तो हा. चिंतामणराव कचेरी सुटेपर्यंत बसून राहिले. मग ज्या माणसाने उभ्या जन्मात पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला नव्हता त्याने चिठ्ठ्या कापायचे पाते घेतले, दोनशे सत्तेचाळीसावे पान शिवणीपासून कापले आणि घडी घालून खिशात ठेवले. रविवारी सकाळी ते निघाले तेव्हा चारुलताबाईंनी विचारले, कुठे? साखरखेर्डा, ते म्हणाले, कचेरीचे काम. रविवारी कसले कचेरीचे काम, हे त्यांनी विचारले नाही. तीस वर्षांच्या संसारात कोणता प्रश्न गिळायचा हे बाईला कळते. त्यांनी फक्त डबा दिला. चिखलीला बस बदलली. खिडकीतून कापूस दिसत होता, ज्वारी दिसत होती, मधेच मिरचीचा तांबडा तुकडा. चिंतामणराव सगळा वेळ खिशावर हात ठेवून होते. काय सांगायचे याची त्यांनी मनात मांडणी केली, मग तीवर दुसरी मांडणी, तीवर तिसरी. साखरखेर्डा येईपर्यंत ते सगळे इतके जाड झाले होते की मिटेना.

बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्यांच्या ओळीत त्यांना ती ओळखू येईल असे वाटले नव्हते, पण आली. ओल्या पोत्यावर वांगी आणि मेथी, बाजूला पाण्याचा डबा, आणि तीच बोटे, मेथीवर पाणी शिंपडणारी. केस कानामागे पांढरे झाले होते. चिंतामणराव समोर जाऊन उभे राहिले. "का देऊ बावा?" तिने विचारले, वर पाहिले, आणि हात थांबला. "तुमी बुलडान्याचे ना? पुस्तकवाले सायेब?" ती उभीच राहिली. "तुमी खुर्ची देली होती मले." तिने पोत्याचा कोरडा कोपरा झटकला आणि त्यांना बसायला दिला. ते बसले. इथे, वांग्यांच्या शेजारी, त्यांना उलट तिच्याकडून बसायला मिळाले याची लाज वाटली. तिने विचारले, साहेब इकडे कुठे, तर ते म्हणाले, असाच आलो. मग तीच बोलू लागली. तिच्याजवळ बोलायचे साठले होते, आणि ज्याच्याशी बोलायचे तो माणूस अकरा वर्षांनी आपल्या पायाने आला होता.

"तवा माहंच चुकलं सायेब," ती म्हणाली. "तुमी त पुस्तक पुढे केलं होतं. मलेच वाचता आलं नाई." चिंतामणरावांना वाटले आपण नीट ऐकले नाही. काय चुकले, त्यांनी विचारले. "इथं दवाखान्यात एक नर्सबाई आली होती, चार-पाच वर्स झाले. माह्यासारखीच, नवरा नसलेली. बत्तीसची होती अन् टरेनिंगले घेतलं तिले. त्याच साली. म्हने नियमच होता, विधवेले पस्तीस वर्सापरेंत. पुस्तकात छापेल हाये. मी म्हटलं, बाई, मी सवता वाचलं ना! त थे हासली. म्हने, तुले वाचता आलं नसंल, खालची ओळ राह्यली असंल." ती पाणी शिंपडत होती, मेथी ओली होऊन गेली होती तरी शिंपडत होती. "मंग माह्या ध्यानात आलं. सातवी होऊन चौदा-पंधरा वर्स झाले होते तवा. सवय राह्यली नव्हती. खालची ओळ राह्यलीच असंल. एका ओळीपायी लेकरू गेलं माहं. चांगुणालेही मी हेच सांगतलं, खोटं काऊन बोला? म्हटलं, मायले तुह्या वाचता नाई आलं. थे म्हन्ते, वाचता नाई आलं असं नाई, तुले पाट लावाचा होता. तईपासून बोलत नाई माह्यासंगं. लगन हाये तिचं आता, पंधरा दिवसावर. सोळा वर्साची झाली. मले निरोपबी नाई."

चिंतामणराव जे मनात बांधून आले होते त्यातले एकही वाक्य कामाचे उरले नाही. त्यांना वाटले होते, तिचे नुकसान झाले ते एवढेच, की लेकरू गेले. हे दुसरे त्यांना ठाऊकच नव्हते. ती अकरा वर्षांतली निम्मी वर्षे स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसली होती, आणि ते डोळे बरोबर होते. त्यांनी खिशातून पान काढले, घडी उलगडली आणि पोत्यावर ठेवले. "वाचा," ते म्हणाले. तिने बोटे पदराला पुसली, बोट ओळीखाली ठेवले. विधवा व परित्यक्ता. पस्तीस वर्षे राहील. "हेच," ती म्हणाली, "हीच ओळ राह्यली होती मले." "नाही बाई," चिंतामणराव म्हणाले, "नीट बघा. ही वरून चिकटवलेली आहे." तिने अंगठा फिरवला. अंगठा गुठळीला अडला. चिठ्ठीच्या खाली बारीक टाईपात तारीख होती, तीन जून त्रेसष्ट. ती तिने दोनदा वाचली. "मी आली होती तवा पेरनी होऊन गेली होती," ती सावकाश म्हणाली. "हे त आंधीचं हाये. मंग मले काऊन दिसलं नाई?"

"कारण चिकटवलेलं नव्हतं. माझ्या टेबलावर पडलं होतं. चिकटवलं म्हणून सही मात्र मी आधीच करून टाकली होती." आणि मग, थांबले तर पुन्हा अकरा वर्षे जातील म्हणून, त्यांनी पुढचेही सांगितले. आठ दिवसांनी सापडले ते. चार दिवस उरले होते ते. कार्ड लिहिले ते, पत्त्यासकट, आणि टाकले नाही ते. का टाकले नाही तेही. कारण सांगताना ते इतके लहान वाटले की त्यांना वाटले आपण काहीतरी वगळतो आहोत, पण वगळलेले काही नव्हते. समोर गिऱ्हाईक आले, वांगी कशी दिली म्हणून विचारू लागले. पंचफुलाने त्याच्याकडे पाहिले नाही, ते गेले. ती ओरडेल, लोक जमतील, याची चिंतामणरावांनी तयारी केली होती. ती ओरडली नाही. तिने डब्यातल्या पाण्यात बोट बुडवले आणि चिठ्ठीच्या कडेवरून फिरवले. पुन्हा बुडवले, पुन्हा फिरवले. मोरचूद घातलेली खळ, झुरळाने तोंड न लावलेली. पाण्यापुढे ती दोन मिनिटे टिकली. कोपरा सुटला. तिने नखाने तो धरला आणि लेकराच्या जखमेवरची पट्टी काढावी तशी चिठ्ठी सावकाश उचलली. खाली जुनी ओळ होती, पिवळसर, ओलसर. पंचफुलाने बोट ठेवले. पंचवीस वर्षांहून अधिक. असता कामा नये. आणि त्याखाली दुसरी ओळ नव्हती, दुसराच नियम सुरू होत होता.

"म्हंजे म्या बराबर वाचलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"सगळं वाचलं होतं. खाली काईच नव्हतं."

"काहीच नव्हतं."

तेव्हा ती रडली. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, खांदे हलत. चिंतामणरावांनाही रडू आले, पण आपल्याला त्याचा अधिकार नाही असे वाटून ते वांग्यांकडे बघत राहिले. पुष्कळ वेळाने तिने तोंड पुसले. पान तिने घडी करून चोळीत ठेवले. ओली चिठ्ठी उरली, ती तिने त्यांच्या तळहातावर ठेवली. "हे तुमचं," ती म्हणाली. "तुमाले शिव्या देऊन माहं लेकरू पाचचं होनार नाई. पन माही पोरगी डोनगावले हाये, निवृत्ती माळ्याच्या घरी, तिच्या आज्याच्या. मी सांगतलं त तिले खरं नाई वाटत. तुमी सांगसान? तुमच्या तोंडानं? पंधरा दिवस हायेत."

"हो," चिंतामणराव म्हणाले. मान तर त्याच्याही आधी हलली होती.

पंचफुलाने त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग होता, आता कुठे वर आलेला, आणि तो बरोबर जागी बसला. "आंधी हो म्हनू नका सायेब," ती म्हणाली. "आंधी जाऊन या. मंग हो म्हना." आणि ती गिऱ्हाइकाकडे वळली.

स्टँडवर चिखलीची बस उभी होती. तिने गेले तर दिवस मावळायच्या आत बुलडाण्याला, चारुलताबाईंच्या हातचा चहा. पलीकडे मेहकरची लागली होती. उद्या सोमवार. साहेबांना कागदावर सही हवी होती, घरी चारुलताबाई वाट बघणार, आणि लग्नाला पंधरा दिवस होते, म्हणजे पुढचा रविवार होता, त्याच्या पुढचाही होता. उद्या टाकू, असे कुणीतरी त्यांच्या आत अगदी ओळखीच्या आवाजात म्हणाले. चिंतामणराव चिखलीच्या बसपर्यंत गेले, तिच्या पायरीपाशी उभे राहिले, आणि मग रस्ता ओलांडून पलीकडच्या बसमध्ये जाऊन बसले. बस सुटली. तळहातावरची चिठ्ठी वाऱ्याने कडेने सुकत, वर वळत होती. चोळामोळा होऊ नये म्हणून त्यांनी हात मांडीवर उघडा ठेवला होता. कंडक्टर आला. कुठे, त्याने विचारले. "डोणगाव." "ही मेहकरलोकच जाते काका. पुढं बदला लागीन." चालेल, चिंतामणराव म्हणाले. कंडक्टरने तिकीट पुढे केले. उजवा हात रिकामा नव्हता, म्हणून त्यांनी ते डाव्या हाताने घेतले.